टॉवेलच्या कारखान्यात ‘इनोव्हेशन’ची सल्लासेवा : काय घ्यावं, काय सोडून द्यावं

पुण्याच्या एका सल्लागार संस्थेची सेवा आम्ही आमच्या टॉवेलच्या कारखान्यासाठी घेतली. पॅकेजचं नाव ‘स्ट्रॅटेजी आणि इनोव्हेशन’, फी साडेतीन लाख अधिक 18 टक्के जीएसटी, तीन हप्त्यांत. सोलापुरातले बरेच कारखानदार सध्या असल्या सेवांची चौकशी करतायत, मलाही फोन येतात, म्हणून एकदाच सविस्तर लिहिते. मागाजवळ बसून त्यांनी जे काम केलं ते उत्तम होतं. ते कुणीही घ्यावं. हॉलमधली स्ट्रॅटेजीची कार्यशाळा आणि त्यांचं मोबाइल अ‍ॅप यांवर मात्र पैसे घालू नका. अडचण एवढीच की ते तिन्ही गोष्टी एकत्रच विकतात, आणि वेगळं मागितल्याशिवाय वेगळं देत नाहीत.

संस्थेचं नाव देत नाही. याच धर्तीची पॅकेजं पुण्या-मुंबईच्या अनेक संस्था विकतात, आणि मी लिहिलेलं बरंचसं त्यांनाही लागू पडेल.

आधी आमच्याबद्दल, म्हणजे तुमच्या कारखान्याशी किती जुळतं ते कळेल. आमचं युनिट सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत. कारखान्याचे मालक अप्पा यांनी जुन्या शटल मागांवर (धोटा इकडून तिकडे फेकून विणणारे) सुरुवात केली, पुढे सेकंडहँड रेपियर (धोट्याशिवाय आडवा धागा नेणारे माग) आणले. दोन्ही आजही चालतात. माल म्हणजे टर्किश टॉवेल, नॅपकिन, आणि गेली काही वर्षं हॉटेलांच्या ऑर्डरी. रंगणी बाहेरून करून घेतो. कामगार बहुतेक शहराच्या पूर्व भागातले, घरी तेलुगू बोलणारे. वाइंडिंगला, म्हणजे सूत कांड्यांवर गुंडाळायला, आणि शिलाईला बायका. मी ऑर्डरी आणि हिशेब बघते. अप्पा अजून रोज सकाळी येतात, आणि त्यांच्या होकाराशिवाय कारखान्यात खिळासुद्धा ठोकला जात नाही.

ही सेवा घ्यायचं कारण सरळ होतं. हॉटेलवाले वर्षाचा दर एकदाच ठरवतात, सूत मात्र मध्येच चढतं. तेच वजन, तीच बॉर्डर, तेच रंग, आणि दरवर्षी नफा जरा कमी. चादरवाल्यांचं काय झालं ते आम्ही डोळ्यांनी बघितलंय. पानिपतची मिंक ब्लँकेटं आली, हलकी, मऊ, स्वस्त. गिऱ्हाईक तिकडे वळलं आणि आपल्या जकार्डच्या चादरीचे कितीतरी माग भंगारात गेले. टॉवेलची ती वेळ येऊ नये असं मला मनापासून वाटतं. म्हणून पैसे काढले.

पहिला भाग, म्हणजे एका मोठ्या हॉटेलच्या हॉलमधली कार्यशाळा. मालक, मॅनेजर, अकाउंटंट एवढ्यांनाच बोलावलं होतं. माग जोडून-दुरुस्त करून देणाऱ्या जॉबरला किंवा वाइंडिंगच्या मुकादमीणबाईंना नाही, आणि माझ्या मते पहिली चूक तिथेच झाली. स्लाइडी सुंदर होत्या. चार चौकोनांचे तक्ते, बाण, आणि कोडॅक ही कॅमेरा-फिल्मची अमेरिकी कंपनी. कोडॅकची गोष्ट अशा प्रत्येक कार्यक्रमात येते: नवं काही केलं नाही म्हणून बुडाली. पण ही गोष्ट नीट सांगितली तर तिच्यातून वेगळंच निघतं. पहिला डिजिटल कॅमेरा 1975 साली कोडॅकमधल्याच स्टीव्ह सॅसन या इंजिनिअरनं तयार केला होता. कल्पना घरातच होती. कंपनीची मुख्य कमाई फिल्मवर होती, आणि नवा कॅमेरा त्याच कमाईवर घाला घालणारा होता. पुढे 2012 मध्ये कंपनीनं दिवाळखोरीचा अर्ज केला. म्हणजे तिथे कल्पनांचा तुटवडा नव्हता. आलेल्या कल्पनेला ‘हो’ म्हणायला आणि त्यासाठी आजच्या कमाईतला वाटा सोडायला वेळेवर कोणी तयार झालं नाही. एवढी मोलाची गोष्ट समोर असताना वक्त्यांनी तिच्यातून काढलं काय, तर ‘नवनवीन कल्पना आणा’. मला फार वाईट वाटलं, कारण समोर बसलेल्या अप्पांना नेमका तोच प्रश्न विचारायला हवा होता: तुमची आजची कमाई ज्या मालावर आहे, त्यातलं काय सोडायची तुमची तयारी आहे?

उदाहरणासाठी अमेरिकेला जायचीही गरज नव्हती. आमच्याच एमआयडीसीत प्रिसिजन कॅमशाफ्ट्स आहे. 1992 पासून इंजिनातले कॅमशाफ्ट बनवून त्यांनी जगभरच्या गाड्यांच्या कंपन्यांना दिले. विजेच्या गाडीत इंजिनच नसतं, मग कॅमशाफ्ट कुठला असणार? मुख्य माल जोरात खपत असताना या कंपनीनं त्याचा विचार केला, आणि 2018 मध्ये नेदरलँड्समधल्या ई-मॉस या ट्रक-बस विजेवर चालवण्याचं तंत्र करणाऱ्या कंपनीत हिस्सा घेतला. अशा उडीत धोका असतो, आणि तसलं धाडस छोट्या कारखानदारानं करावं असं मी म्हणत नाही. पण सोलापूरच्या माणसांना स्ट्रॅटेजी शिकवायची तर हे उदाहरण हाताशी हवं होतं. ते त्यांना ठाऊकच नव्हतं. शहरातल्या युनिफॉर्मवाल्यांनी 2017 मध्ये स्वतःचं प्रदर्शन भरवून बाहेरच्या खरेदीदारांना सोलापुरात आणलं, हेही नाही. वर लेखी अहवालात शिफारस आली, ‘जीआय मानांकनासाठी (म्हणजे गावाच्या नावानं मालाला मिळणारी सरकारी नोंद) अर्ज करावा’. सोलापुरी चादर आणि सोलापुरी टेरी टॉवेल, दोघांनाही जीआय मिळून वीसेक वर्षं झाली! ज्या अहवालाचे आपण पैसे मोजतो, त्यात एवढं तरी तपासून लिहिलेलं असावं.

त्या दिवसातली एक गोष्ट मात्र कामाची निघाली. दुपारी त्यांनी आमच्याकडून गिऱ्हाइकांची यादी करून घेतली आणि प्रत्येकाच्या नावापुढे चार गोष्टी लिहायला सांगितल्या: किती माल घेतो, किती दिवसांनी पैसे देतो, किती माल परत पाठवतो, आणि त्याच्यासाठी माग किती वेळा बदलावा लागतो. शेवटचा रकाना आम्ही कधी मांडलाच नव्हता. डिझाइन बदललं की बीम (ताण्याचे उभे धागे गुंडाळलेला रूळ) बदला, गाठी मारा, माग उभा. जो घाऊक व्यापारी आम्हाला मोठा वाटायचा, त्याच्या बारीकसारीक फर्माइशींपायी माग सगळ्यात जास्त वेळ उभे राहत होते, हे त्या तक्त्यात दिसलं. अप्पा बराच वेळ कागदाकडे बघत बसले. त्या व्यापाऱ्याशी आमचा जुना घरोबा आहे, त्यामुळे तोडायचा प्रश्नच नाही. पण त्याच्या डिझाइनची संख्या आता ठरवून दिली आहे, आणि त्यानं ती आनंदानं मानली. हा तक्ता तुम्ही कुणालाही पैसे न देता, एका रविवारी घरी बसून करू शकता. जरूर करा.

आता दुसरा भाग. याच्यावर मला जास्त लिहायचंय.

मागाजवळच्या कामासाठी त्यांनी एक तरुण इंजिनिअर पाठवला. मूळचा इचलकरंजीचा, घरी यंत्रमाग असलेला. हे नशीब म्हणा, पण आमच्या पैशांचं चीज या एका माणसामुळे झालं. पहिल्या दिवशी तो वही आणि स्टॉपवॉच घेऊन उभा राहिला आणि अख्खं खातं गप्प झालं. सोलापुरात हे होणारच. 1877 साली सुरू झालेली जुनी मिल, लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी. यांची दारं बंद झाल्याच्या आठवणी घराघरात आहेत. कोणी वेळ मोजायला आलं की कामगाराच्या मनात पहिला विचार येतो तो माणसं कमी करण्याचा. त्या इंजिनिअरच्या ते लगेच लक्षात आलं. दुसऱ्या दिवशी स्टॉपवॉच नव्हतं. अप्पांना त्यानं सगळ्यांसमोर एक वाक्य बोलायला लावलं, की या कामातून एकाही माणसाची नोकरी जाणार नाही. अप्पांनी ते मराठीत आणि तेलुगूत, दोन्हींत सांगितलं. त्यानंतरच माणसं बोलायला लागली.

मग त्यानं साकिची टोयोडांची गोष्ट सांगितली, आणि ती आमच्या लोकांना कोडॅकपेक्षा कितीतरी जवळची वाटली. टोयोटा आज मोटारींची कंपनी, पण घराण्याची सुरुवात मागापासून. साकिचींनी 1924 मध्ये असा स्वयंचलित माग तयार केला की धागा तुटला की माग आपोआप थांबायचा, आणि माग न थांबवता धोटा बदलला जायचा. धागा तुटलेला असताना विणत राहिलं तर कापड वाया जातं. म्हणून बिघाड दिसला की तिथेच थांबायचं, हा विचार पुढे त्यांच्या मोटारीच्या कारखान्यातही गेला. 1929 मध्ये त्या मागाचे हक्क इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्सनी एक लाख पौंडांना घ्यायचा करार केला. शटल मागावर आयुष्य काढलेल्या माणसांना जगातल्या एवढ्या मोठ्या कंपनीचं मूळ मागात आहे हे ऐकून जो आनंद झाला, तो मी बघितला. आमचे जॉबरमामा तर दोन दिवस तेच सांगत फिरत होते.

आणि पहिली कामाची सूचना त्यांच्याकडूनच आली.

हॉटेलच्या ऑर्डरीत टॉवेलचं वजन ठरलेलं असतं. कमी भरला की परत येतो, जास्त भरला की आपलं सूत फुकट जातं. आमच्याकडे दोन्ही व्हायचं आणि आम्ही सुताला दोष द्यायचो. मामा म्हणाले, “सुताचं काय नाही ताई. पाइलचा बीम बारीक होत जातोय, पोरं वजन तसंच ठेवून चालवायलेत.”

टॉवेलच्या मागावर दोन बीम असतात. ग्राउंडचा, म्हणजे खालच्या कापडाचा ताणा घट्ट, पाइलचा, म्हणजे वरच्या फाशांचा ढिला. पहिले दोन पिक (आडवे धागे) जरा अलीकडे सोडायचे आणि तिसऱ्याला फणीचा पूर्ण ठोका द्यायचा. तिन्ही पिक घट्ट ताण्यावरून एकदम पुढे सरकतात, ढिला ताणा वर उचलला जातो आणि त्याचा फासा होतो. टॉवेलचा मऊपणा आणि वजन दोन्ही त्या फाशाच्या उंचीवर. आमच्या जुन्या मागांवर पाइल बीमला दोरीनं वजनं टांगून अडवलेलं असतं. बीम भरलेला असताना जे वजन बरोबर असतं, तेच बीम बारीक झाल्यावर धाग्याला जास्त ओढतं. फासा बुटका होतो आणि टॉवेल हलका पडतो. मामा हे हातानं ओळखून वजन उतरवायचे. नवी पोरं घाबरून आधीच जास्त उतरवायची, मग फासे उंच आणि टॉवेल जड. किंवा विसरायची, मग हलका. इतकी वर्षं ही विद्या एका माणसाच्या बोटांत होती, आणि त्यांना निवृत्तीचे वेध लागलेले.

त्या इंजिनिअरनं मामांना बसवून, भरलेल्या बीमपासून संपेपर्यंत कधी कोणतं वजन काढायचं ते मोजून घेतलं. सुताराकडून लाकडी पट्टी करून घेतली, तिच्यावर रंगाच्या खुणा केल्या. पट्टी बीमला लावायची, सूत ज्या खुणेवर आलं असेल त्या रंगाचं वजन ठेवायचं. वाचता न येणाऱ्यालाही कळतं. खर्च म्हणाल तर सुताराची मजुरी. वजनाला न बसणाऱ्या टॉवेलांचा ढीग डोळ्यांना दिसेल इतका कमी झाला, आणि नवीन मुलगा मागावर उभा राहायला पूर्वीपेक्षा लवकर तयार होतो. मामांचा हुन्नर त्यांच्या नावासकट कारखान्यात राहिला, याचं समाधान मला पैशांपेक्षा मोठं वाटतं. आता पट्टीला सगळे ‘मामाची पट्टी’ म्हणतात.

दुसरी गोष्ट वाइंडिंगची. दोन वेगळ्या लॉटचं सूत कांड्यांमध्ये मिसळलं की विणताना काही दिसत नाही, रंगून आल्यावर टॉवेलला आडवा पट्टा दिसतो. तोवर मजुरी, रंगणी सगळं लागून गेलेलं असतं. वाइंडिंगच्या एका अक्कांनी सुचवलं की प्रत्येक लॉटच्या कांडीला वेगळ्या रंगाची खूण करावी. “मी तर कधीपासून सांगायलेय, कोण ऐकायलंय?” हे त्यांचं पुढचं वाक्य. ते खरंच होतं. त्या मुकादमीणबाईंना सांगत होत्या, मुकादमीणबाई दिवाणजींना, आणि दिवाणजींच्या टेबलावर ते थांबत होतं. संस्थेच्या आधीच्या छापील ‘आयडिया फॉर्म’वर मात्र या बाईंनी एक अक्षरही लिहिलं नसतं. फॉर्म इंग्रजीत होता. त्या इंजिनिअर पोरानं तो बाजूला ठेवला आणि बायकांना फोनमध्ये तेलुगूत बोलू दिलं. संध्याकाळी दिवाणजी ते ऐकून मराठीत उतरवून घ्यायचे. पहिल्याच आठवड्यात जेवढं ऐकायला मिळालं, तेवढं आमच्या लाकडी सूचनापेटीत आजवर कधी पडलं नव्हतं.

पण या सेवेतली सगळ्यात मोलाची वस्तू माझ्या दृष्टीनं पट्टीही नाही आणि रंगाची खूणही नाही. ती आहे सोमवारची अर्ध्या तासाची बैठक. मागांच्या मधल्या बोळात, उभ्यानं. आठवड्यात आलेल्या प्रत्येक सूचनेला तिथे उत्तर द्यायचं: करू, करणार नाही, किंवा अमुक तारखेला सांगू. ‘नाही’ म्हटलं तर कारण द्यायचं. उत्तर मराठीत आणि तेलुगूत फळ्यावर लिहायचं. आणि मालकानं हजर राहायचं, हे त्यांनी अटच म्हणून ठेवलं. टोयोटानं 1951 मध्ये कामगारांच्या सूचनांची योजना सुरू केली, ती फोर्डकडचं बघून. आणि ती टिकली. पेट्या तर हजारो कारखान्यांत लागल्या आणि धूळ खात पडल्या. आत टाकलेल्या चिठ्ठीचं पुढे काय झालं हे कोणी सांगितलंच नाही, तर माणूस दुसऱ्यांदा चिठ्ठी का टाकेल? आमच्या कारखान्यात डोकी कमी नव्हती. उत्तर द्यायची जागा आणि वेळ ठरलेली नव्हती. ती ठरली आणि कारखाना बदलला.

सगळंच जमलं असं नाही. कांड्यांसाठी चाकाची गाडी करायची सूचना आली, गाडी केली, बोळ अरुंद म्हणून ती वळेचना. तेही फळ्यावर लिहिलं. नाकारलेल्या सूचनांची एक वेगळी वही ठेवली आहे, आणि ती कल्पना मला फार आवडली. थ्रीएम या अमेरिकी कंपनीत स्पेन्सर सिल्व्हरनं 1968 मध्ये नीट न चिकटणारा डिंक तयार केला होता, त्याला वर्षानुवर्षं उपयोग सापडला नाही. पुढे आर्ट फ्राय या सहकाऱ्याला चर्चमधल्या गाण्यांच्या पुस्तकात खुणेची चिठ्ठी चिकटवायला तो आठवला, आणि 1980 मध्ये अमेरिकेच्या बाजारात पोस्ट-इट, म्हणजे चिकटवून पुन्हा काढता येणारी चिठ्ठी आली. नाकारलेलं लिहून ठेवलं तर कधीतरी कोणाच्या तरी कामी येतं. नवं शेड बांधू तेव्हा बोळ किती रुंद हवा ते त्या वहीत आहे.

आता पैशांचा प्रश्न, कारण इथेच बहुतेक कारखान्यांत गाडं अडतं. हॉलमध्ये वक्त्यांनी थ्रीएमची पंधरा टक्के वेळेची पद्धत सांगितली: कामाच्या वेळेतला काही भाग माणसानं स्वतःच्या कल्पनेवर घालवावा. आमच्या मॅनेजरनी विचारलं, “पीस रेटवर काम करणाऱ्याला हा वेळ कोण देणार?” उत्तर आलं नाही. आणि प्रश्न अगदी योग्य होता. आमचा विणकर डझनावर कमावतो. नवा प्रयोग म्हणजे माग थांबणार, म्हणजे त्याच्या घरचे पैसे कमी होणार. त्यानं प्रयोगाला विरोध केला तर त्याला हट्टी म्हणणं अन्याय आहे.

यावर तोडगा त्या इचलकरंजीच्या पोरानंच काढला. एक माग प्रयोगाचा म्हणून वेगळा ठेवला. त्यावर जो उभा राहील त्याला आधीच्या काही महिन्यांच्या कमाईची सरासरी धरून पाळीचे पैसे, माल निघो वा न निघो. पाळी फिरती, म्हणजे कोणा एकाची चंगळ नाही. अप्पा सुरुवातीला नको म्हणत होते. एक माग कमी म्हणजे ऑर्डरीला उशीर, असं त्यांचं म्हणणं, आणि ऑर्डरीच्या दिवसांत ते खरंही ठरतं. तेव्हा आम्ही तो माग उत्पादनावर घेतो. एरवी त्यावर बॉर्डरचे नमुने, कमी वजनाचा जिमसाठीचा टॉवेल, बांबूच्या धाग्याची चाचणी असं चालतं. जिमच्या टॉवेलला पुण्याच्या एका दुकानदारानं पहिली छोटी ऑर्डर दिली आहे. एवढीच, पण ती आमच्या मापाची आणि आमच्या दराची आहे.

पॅकेजमध्ये ‘महिन्याचा इनोव्हेटर’ असं फोटोसकट बक्षीस होतं. ते बंद करा. पहिलं मामांना दिलं, ते योग्यच. पण वाइंडिंगच्या बायकांना वाटलं की आपली सूचना कमी दर्जाची ठरली, आणि ते दुःख त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसलं. आता ज्या खात्यात बचत होते त्या खात्याला मिळून बोनसबरोबर वाटा द्यायचं ठरवलंय. शेजारणीची सूचना पुढे न्यायला त्यामुळे सगळ्याच धावतात.

अ‍ॅपबद्दल दोन ओळी पुरेत. इंग्रजी आणि मोडकी मराठी, लॉगिनला ओटीपी, आणि मागांच्या आवाजात वापरायचं कधी हे कोणी विचारलेलं नाही. आमच्याकडे ते कोणी उघडत नाही. फळा आणि खडू पुरतो.

शेवटच्या अहवालातल्या बचतीच्या आकड्यांबद्दल सावध राहा. चांगल्या आठवड्यातली बचत घेऊन तिला वर्षभरानं गुणलेलं होतं. अप्पांनी सुताच्या वहीशी ताडून बघितलं तेव्हा आकडा बराच खाली आला. तरीही फीच्या मानानं व्यवहार आतबट्ट्याचा नाही, एवढं मी वही बघूनच सांगते. संस्थेनं चर्चेनंतर अहवाल दुरुस्त करून दिला, वागणूक सभ्य होती, वेळ पाळली, आणि शेवटचा हप्ता मागायची घाई केली नाही. हेही नोंदवलंच पाहिजे.

घ्यायचं असेल तर करारातच काही गोष्टी लिहून घ्या. मागाजवळ कोण माणूस येणार, त्याला यंत्रमागाची माहिती आहे का, आणि तोच शेवटपर्यंत येईल का. मध्येच बदलला तर फी कमी. कार्यशाळा घ्यायचीच झाली तर ती कारखान्यात, जॉबर आणि वाइंडिंगच्या बाईंसकट. बचत मोजायची तर तुमच्या वहीतून, त्यांच्या तक्त्यातून नाही. आणि सोमवारच्या बैठकीला तुम्ही स्वतः उभे राहणार नसाल, मुलाला किंवा मॅनेजरला पाठवणार असाल, तर हे पैसे वाचवा आणि एखाद्या मागाची दुरुस्ती करून घ्या.

आम्ही दुसरा टप्पा घेतोय, फक्त शिलाई आणि पॅकिंगसाठी, तोच इंजिनिअर येईल या अटीवर आणि अ‍ॅप, कार्यशाळा वगळून. त्यामुळे फी निम्म्याहून खाली आली आहे. वेळ ठरवताना दिवाळीआधीची ऑर्डरींची गर्दी आणि जानेवारीतली सोलापूरची गड्ड्याची यात्रा टाळा. त्या दिवसांत ना कामगारांचं लक्ष असतं, ना मालकाचं. आम्ही फेब्रुवारीचा मुहूर्त धरलाय.